जिरोलामो कार्दानो : एका जुगारी पंडिताची कहाणी

जुगाराच्या कथा आपल्याला नवीन नाहीत. धर्मराजाने द्यूतात राज्य, भाऊ आणि पत्नी गमावली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच धर्मराजाला वनवासात धीर यावा म्हणून सांगितलेली नलराजाची कथा वनपर्वात आहे. तीत एक प्रसंग मोठा मार्मिक आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पाने व फळे किती ते सांगतो. बाहुकाच्या वेषातला नल ते झाड पाडून मोजून पाहतो, तर संख्या बरोबर निघते. मग ऋतुपर्णाकडून तो अक्षविद्या घेतो आणि गमावलेले राज्य परत मिळवतो. फाशांची विद्या आणि मोजण्याची विद्या या सख्ख्या बहिणी आहेत, हे आपल्या पूर्वजांना जाणवले होते, असेच या कथेवरून वाटते.

परंतु ती विद्या आकडे मांडून, नियम सांगून, ग्रंथात उतरवण्याचे काम फार पुढे झाले, आणि तेही दूर इटलीत. ते करणारा माणूस राजा नव्हता की ऋषी नव्हता. तो धंद्याने वैद्य, बुद्धीने गणिती, श्रद्धेने ज्योतिषी आणि सवयीने जुगारी होता. त्याचे नाव जिरोलामो कार्दानो. तर्कशास्त्राच्या अभ्यासात संभवाचा विषय आला, तेव्हा हे नाव मी प्रथम वाचले. पुढे त्याचे चरित्र मिळेल तिथून वाचत गेलो. गणिताची भीती वाटते म्हणून कलाशाखेकडे वळलेल्या माझ्यासारख्यालाही या माणसाने पत्त्यांचे गणित समजावून दिले. त्या गणिताइतकेच त्याचे आयुष्यही मला विचार करायला लावते.

कार्दानोचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ रोजी पाविया या गावी झाला. बाप फात्सिओ कार्दानो हा मिलानमधील कायदेपंडित. भूमितीत त्याचा अधिकार एवढा, की लिओनार्दो दा व्हिंची त्याच्याशी चर्चा करीत असे. आई किआरा ही विधवा. दोघांचे लग्न झालेले नव्हते. मिलानमध्ये प्लेगची साथ होती म्हणून आईला पावियास पाठवण्यात आले. मागे मिलानमध्ये तिची आधीची तीन मुले त्या साथीत दगावली. हे मूल जन्माला येऊ नये म्हणून तिने औषधे घेतली होती, पण ती लागू पडली नाहीत. तीन दिवस वेणा देऊन ती बाळंत झाली. मूल जवळजवळ मेलेलेच होते. त्याला कोमट दारूत न्हाऊ घातले, तेव्हा कुठे ते हलले. हे सारे कार्दानोने म्हातारपणी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. पत्त्यांच्या भाषेत बोलायचे तर त्याच्या वाट्याला आलेली पहिली पाने अगदीच हलकी होती.

बापाने त्याला लहानपणी गणित शिकवले. पुढे तो पाविया आणि नंतर पादुआ येथील विद्यापीठांत वैद्यक शिकला. १५२४ मध्ये बाप वारला. मागे राहिलेला थोडाबहुत पैसा या मुलाने लवकरच उडवला. मग खर्च भागवायचा कसा? कार्दानोजवळ एकच साधन होते. त्याला फासे, पत्ते आणि बुद्धिबळ हे तिन्ही खेळ बरोबरीच्या गड्यांपेक्षा अधिक समजत. बुद्धिबळ तो चाळीसहून अधिक वर्षे खेळला आणि फासे सुमारे पंचवीस वर्षे, आणि तेही रोजच्या रोज. हा हिशोब त्याचाच आहे आणि तो देताना त्याला लाज वाटते, हेही त्यानेच सांगितले आहे. जुगाराच्या पैशावर शिकणारा हा विद्यार्थी पादुआत विद्यार्थ्यांचा प्रमुख म्हणून एका मताने निवडूनही आला. १५२६ मध्ये त्याला वैद्यकाची पदवी मिळाली, तीसुद्धा आधी दोनदा नाकारली गेल्यावर.

त्याच्या जुगाराची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. व्हेनिसमध्ये एका बड्या सरदाराच्या घरी तो पत्ते खेळत होता. पहिल्या दिवशी काही पैसे गेले, दुसऱ्या दिवशी राहिलेले पैसे, कपडे आणि अंगठ्याही गेल्या. तेवढ्यात पत्त्यांवर खुणा केल्या आहेत हे त्याच्या ध्यानात आले. त्याने खंजीर काढून यजमानाच्या तोंडावर वार केला, आपले पैसे उचलले आणि पळ काढला. त्याच रात्री शिपायांना चुकवत लपतछपत जाताना तो पाण्यात पडला. एका नावेतील लोकांनी त्याला वर ओढले. पाहतो तो काय, नावेत तोंडाला पट्टी बांधलेला तोच यजमान बसलेला! आता आपले काही खरे नाही असे कार्दानोला वाटले असेल. पण त्या माणसाने त्याला कोरडे कपडे दिले आणि पादुआपर्यंत सोबत केली. हिशोबात न बसणाऱ्या अशा गोष्टी कार्दानोच्या आयुष्यात वारंवार घडल्या. म्हणूनच की काय, आकडे मांडायला शिकूनही दैवावरची त्याची श्रद्धा कधी ढळली नाही.

तो पत्त्यांचा कोणता खेळ खेळत असे, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे गणित त्यावरच आहे. त्या काळी इटलीत प्रिमेरो नावाचा खेळ फार चाले, आणि त्याचे नियम आज आपल्याला कळतात ते बऱ्याच अंशी कार्दानोमुळेच. पत्त्यांच्या कॅटमधून अठ्ठे, नव्वे आणि दश्शे काढून टाकायचे. म्हणजे चार रंगांची प्रत्येकी १० अशी ४० पाने उरतात. रंग आपल्यासारखे बदाम-इस्पिक नव्हेत, तर तलवारी, पेले, नाणी आणि सोटे. प्रत्येकाला आधी दोन पाने वाटत, त्यावर बोली होई, मग आणखी दोन. चार पाने हातात आली की नको ती टाकून नवी उचलता येत. चारही पाने चार रंगांची झाली तर तो प्रिमेरो, चारही एकाच रंगाची झाली तर त्याहून वरचा हात आणि चार एक्के किंवा चार राजे असे एकाच तोलाचे जमले तर सर्वांत मोठा. आपल्याकडे दिवाळीत खेळतात त्या तीन पत्तीत आलेल्या पानांवरच डाव लढवायचा असतो. प्रिमेरोत मात्र हातची पाने सुधारण्याची संधी मिळते. १९ व्या शतकात अमेरिकेत रुजलेल्या पोकरच्या पूर्वजांत प्रिमेरोची गणना होते, ती अशा साम्यांमुळेच.

आता प्रश्न असा, की हातची पाने सुधारण्याचा संभव किती? सामान्य खेळाडू याला नशीब म्हणतो. आज हात चालतो आहे किंवा चालत नाही, एवढेच त्याचे गणित. कार्दानोचे म्हणणे असे, की आधी एकंदर किती गोष्टी घडू शकतात ते मोजावे, मग त्यांतील आपल्या सोयीच्या किती ते मोजावे, आणि दोहोंचे प्रमाण पाहावे. एकंदर शक्यतांच्या संख्येला तो चक्र म्हणतो. एका फाशाचे चक्र ६, दोन फाशांचे ३६, तीन फाशांचे २१६. दोन फाशांत ७ ची बेरीज सहा प्रकारांनी येते आणि १२ ची फक्त एका प्रकाराने. फासे खरे असतील तर हे प्रमाण कोणी बदलू शकत नाही. आज हे आपल्याला शाळेतल्या पुस्तकातले वाटते. परंतु दोन आणि पाच पडणे व पाच आणि दोन पडणे या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून मोजाव्यात, एवढे ठरवायलाही त्या काळी कोणीतरी पहिल्याने विचार करावा लागला.

कार्दानोने स्वतः बहुतेक आकडेमोड फाशांवर केली. तीच पद्धत त्याच्या आवडत्या प्रिमेरोला लावली तर काय दिसते, ते मी वहीत मांडून पाहिले. समजा, पहिली दोन पाने वेगवेगळ्या रंगांची आली. न दिसणारी पाने ३८. ती दुसऱ्या खेळाडूंच्या हातात आहेत की गड्डीत, याने फरक पडत नाही, कारण आपल्याला दोन्ही सारखीच अज्ञात. त्या ३८ मधून दोन पाने ७०३ प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी राहिलेल्या दोन रंगांचे एकेक पान येण्याचे प्रकार १००. म्हणजे सरळ प्रिमेरो जमण्याची आशा सातांत एक. पहिली दोन पाने एकाच रंगाची असतील तर उरलेली दोनही त्याच रंगाची येण्याचे प्रकार फक्त २८, म्हणजे पंचविसांत एक. एका रंगाची दोन पाने दिसायला सुरेख दिसतात, हात मोठा होईल असे वाटते, आणि खेळाडू तिथेच फसतो.

पुढे चार पाने हातात आली. तीन वेगळ्या रंगांची आहेत, चौथे त्यांतल्याच एका रंगाचे. ते टाकून नवे उचलायचे. आता न दिसणारी पाने ३६, आणि त्यांत हव्या त्या रंगाची दहाच्या दहा. म्हणजे ३६ पैकी १० अनुकूल, २६ प्रतिकूल. याउलट तीन पाने एका रंगाची असतील आणि चौथे त्याच रंगाचे हवे असेल तर त्या रंगाची फक्त ७ उरली. ३६ पैकी ७, म्हणजे पाचांत एकाहूनही थोडे कमी. एका पानाच्या उणिवेने दोघेही सारखेच अडलेले दिसतात, पण दोघांची आशा सारखी नाही. हे डोळ्यांना दिसत नाही, मोजल्यावरच दिसते.

असो. आपण पुन्हा चरित्राकडे वळू. पदवी मिळाल्यावर कार्दानो पादुआजवळच्या एका लहान गावी वैद्यकी करू लागला. १५३१ मध्ये त्याने लुचिया बांदारिनी या मुलीशी लग्न केले. मिलानच्या वैद्यमंडळात प्रवेश मिळावा म्हणून त्याने अर्ज केला, पण जन्म अनौरस म्हणून तो नाकारण्यात आला. मंडळात नाव नाही तर मिलानमध्ये वैद्यकी नाही. जवळच्या गॅलराते गावी त्याने बस्तान मांडून पाहिले, रोगी येईनात. तेव्हा तो पुन्हा जुगाराकडे वळला. या वेळी पाने वाईट आली. बायकोचे दागिने गहाण पडले, मग घरातले सामानही गेले. शेवटी मिलानला येऊन नवराबायकोला अनाथ-गरिबांच्या आश्रमात राहावे लागले. १५३४ मध्ये त्याला पहिला मुलगा झाला, तो याच हलाखीच्या दिवसांत.

इथे मनात एक प्रश्न येतो. ज्याला डावाचे गणित इतरांहून अधिक कळत होते, त्याने बायकोचे दागिने कसे काय लावले? याचे उत्तर त्याच्याच ग्रंथात सापडते. जुगारातला सर्वांत मोठा लाभ मुळीच न खेळण्यात आहे, असे त्याने त्यात नमूद केले आहे. खेळायचेच तर पैज लहान असावी, जोडीदार आपल्या बरोबरीचा असावा, वेळ योग्य असावी. दुःखाच्या आणि चिंतेच्या दिवसांत जुगार औषधासारखा उपयोगी पडतो, असेही तो वैद्याच्या अधिकाराने सांगतो. पत्त्यांना साबण चोळणारे, अंगठीत आरसा बसवून दुसऱ्याची पाने पाहणारे, अशा लबाडांपासून तो सावध करतो. हे सारे वाचले की कळते, हा माणूस पथ्य सांगणारा वैद्य आणि पथ्य मोडणारा रोगी असा दोन्ही होता. अनुकूल पाने किती, प्रतिकूल किती, हे गणित सांगते. उठून घरी जा, हे गणित सांगत नाही. ते सांगणारे माणसाच्या ठायी दुसरेच काही असावे लागते.

पालट मात्र आला, आणि तो पत्त्यांनी नव्हे, विद्येने आणला. १५३४ मध्ये मिलानमध्ये त्याला गणिताचा अध्यापक म्हणून जागा मिळाली. बापाच्या ओळखी कामी आल्या. फावल्या वेळात तो रोगी तपासू लागला. रोगी बरे होत गेले. वैद्यांच्या चुकीच्या पद्धतींवर त्याने १५३६ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि वैद्यमंडळाचा राग ओढवून घेतला. पण नाव एवढे झाले होते, की १५३९ मध्ये त्याच मंडळाला त्याला आत घ्यावे लागले. १५४५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्याचा बीजगणितावरचा 'आर्स माग्ना' हा ग्रंथ छापला गेला आणि युरोपभर त्याची कीर्ती झाली. त्यातील घनसमीकरणाची रीत तार्तालियाने त्याला गुप्त राखण्याच्या शपथेवर सांगितली होती. पुढे ती रीत देल फेर्रो या दिवंगत गणितज्ञाने आधीच शोधली होती, असे बोलोन्यात त्याची वही पाहिल्यावर कार्दानोला कळले, आणि शपथ आता बंधनकारक नाही असे मानून त्याने दोघांची नावे देऊन ती छापली. तार्तालियाने त्याला जन्मभर क्षमा केली नाही. हा ग्रंथ म्हणजे कार्दानोची थोरवी आणि वादही. ऋण संख्येचे वर्गमूळ घेऊन उत्तर काढण्याचे धाडस याच ग्रंथात आहे. ट्रकच्या पोटाखाली फिरणाऱ्या दांड्याच्या सांध्यालाही युरोपात कार्दानचेच नाव आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

जुगारावरचा त्याचा ग्रंथ 'लिबेर दे लुदो आलेए' या नावाचा आहे. तारुण्यात हाती घेतलेले हे लेखन तो पुढे वर्षानुवर्षे वाढवत आणि दुरुस्त करत राहिला. लहान लहान ३२ प्रकरणांचा हा ग्रंथ नीटनेटका नाही. पण त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकच अनुकूल दान लागोपाठ अनेकदा पडण्याचा संभव कसा काढावा, याचा त्याने आधी चुकीचा नियम दिला. अनुकूल आणि प्रतिकूल यांच्या प्रमाणाचाच वर्ग करावा, असा तो नियम. मग त्याच्या लक्षात आले, की दोन्ही बाजू सारख्या असतील तर एकास एकाचा वर्ग पुन्हा एकास एकच येतो. म्हणजे नाणेफेक एकदा जिंकणे आणि लागोपाठ दहादा जिंकणे सारखेच सोपे ठरेल! हे उघड खोटे आहे. तेव्हा त्याने नियम बदलला. वर्ग करायचा तो अनुकूल संख्येचा आणि पूर्ण चक्राचा. तसे केले की दोनदा जिंकण्याचे प्रमाण एकास तीन येते, तीनदा जिंकण्याचे एकास सात. तीन फाशांत निदान एक एक्का येण्याचे २१६ पैकी ९१ प्रकार त्याने बरोबर काढले. गंमत अशी, की चुकलेला नियम त्याने खोडून टाकला नाही. चूक आणि दुरुस्ती दोन्ही ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कोणता?

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे पैज न्याय्य केव्हा, याचे त्याने दिलेले उत्तर. ज्याच्या बाजूने अधिक शक्यता आहेत त्याने तेवढ्या प्रमाणात अधिक रक्कम लावावी, नाहीतर तो अन्याय. अनुकूल ९ आणि प्रतिकूल २७ असतील तर पैजही एकास तीन अशीच हवी. बाजार, विमा, निवडणुकीचे अंदाज, सगळीकडे हे तत्त्व आज लागते. पण ते प्रथम उगवले ते जुगाराच्या अड्ड्यावर, आणि तेही न्यायाच्या प्रश्नातून, हे विसरता येत नाही.

कीर्ती शिखराला पोहोचली ती १५५२ मध्ये. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन दम्याने बेजार होते. त्यांनी कार्दानोला बोलावून घेतले. त्याने काही दिवस नुसते निरीक्षण केले. मग आहार, झोप, व्यायाम यांचे नियम घालून दिले आणि अंथरुणातली पिसे काढायला लावली. हॅमिल्टन यांना आराम पडला. इथे त्याची नजर मोजणाऱ्याची होती. पण परतीच्या वाटेवर लंडनमध्ये तो राजा सहावा एडवर्ड याला भेटला आणि त्याची पत्रिका मांडली. राजाला पन्नाशीच्याही पुढचे आयुष्य आहे असे त्याने सांगितले. पुढच्याच वर्षी, १५५३ मध्ये, तो राजा पंधराव्या वर्षी वारला. कार्दानोने ती पत्रिका लपवली नाही. भाकीत का चुकले याचे स्पष्टीकरण जोडून त्याने ती छापली. मात्र फाशांचा चुकलेला नियम जसा त्याने बदलला, तसे ज्योतिष काही सोडले नाही. एकाच डोक्यात दोन खोल्या होत्या आणि मधले दार बंद होते, असे मला वाटते.

यानंतरची कहाणी दुःखाची आहे. लुचिया १५४६ मध्येच वारली होती. थोरला मुलगा जोव्हान्नी बात्तिस्ता हा बापाचा लाडका. तोही वैद्य झाला. १५५७ मध्ये त्याने बापाला न कळवता लग्न केले. संसार सुखाचा झाला नाही. मुले तुझी नाहीतच, असे बायको त्याला तोंडावर टोचून बोले. १५६० मध्ये त्याने तिला केकमधून सोमल घालून मारले. कार्दानोने मिलानमधील चांगले वकील दिले, स्वतः धावाधाव केली. तिच्या माहेरच्यांशी तडजोड झाली तर प्राण वाचतील, असे ठरले. पण त्यांनी मागितलेली रक्कम कार्दानोला झेपणारी नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुलाचा शिरच्छेद झाला. ज्याने उभा जन्म पैजा लावल्या, त्याला आयुष्यातील सर्वांत मोठी पैज पैशाअभावी लावताच आली नाही. मागे राहिलेला लहान नातू त्याने जवळ केला आणि सांभाळला.

मिलानमध्ये राहणे अशक्य झाले. १५६२ मध्ये तो बोलोन्या विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक म्हणून गेला. धाकटा मुलगा आल्दो याने बापाचे गणित घेतले नाही, जुगार तेवढा घेतला. तो सर्वस्व हरला आणि शेवटी बापाच्याच घरात चोरी केली. कार्दानोला त्याला शहराबाहेर हद्दपार करवावे लागले. हे लिहिताना त्या म्हाताऱ्याला स्वतःचे गॅलराते येथील दिवस आठवले नसतील का? १५७० मध्ये धर्मन्यायालयाने त्याला अटक केली. येशू ख्रिस्ताची पत्रिका मांडून छापल्याचे प्रकरण त्याला भोवले असे सांगतात. काही महिने बंदिवास भोगून, आपली मते मागे घेऊन तो सुटला, पण शिकवण्यास आणि ग्रंथ छापण्यास मनाई झाली. १५७१ मध्ये तो रोमला गेला. तिथे पोपकडून त्याला निवृत्तिवेतन मिळाले. तिथेच त्याने आपले आत्मचरित्र लिहिले आणि २१ सप्टेंबर १५७६ रोजी, पंचाहत्तरी पूर्ण व्हायला तीन दिवस असताना, त्याचा अंत झाला. मृत्यूचा दिवस त्याने आधीच वर्तवला होता आणि तो खरा ठरावा म्हणून उपास करून प्राण सोडला, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानण्यास आधार नाही, पण त्याच्या स्वभावाला ती शोभते म्हणून लोकांनी ती टिकवली.

जुगाराचा ग्रंथ त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. तो १६६३ मध्ये, मृत्यूनंतर ८७ वर्षांनी, त्याच्या समग्र ग्रंथांच्या दहा खंडांत लिऑन येथे प्रसिद्ध झाला. तोपर्यंत पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये पत्रव्यवहार करून संभवशास्त्राचा पाया घातला होता. त्यामुळे जनकत्वाचा मान त्या दोघांकडे गेला. कार्दानोच्या हाती हुकमाची पाने होती, पण डाव संपल्यावर ती उघडी झाली.

आज पोकर खेळणारे जे आकडे पाठ करतात, ते सारे कार्दानोच्या चक्रातूनच निघतात. पाच पानांच्या पोकरमध्ये हातात एक जोडी आली आणि बाकीची तीन पाने बदलली, तर १६,२१५ शक्यतांपैकी ४,६५६ मध्ये हात सुधारतो, म्हणजे शंभरात सुमारे २९ वेळा. एका रंगाची चार पाने असून पाचवे हवे असेल तर न दिसणाऱ्या ४७ पैकी ९ अनुकूल, शंभरात १९. सध्या अधिक चालणाऱ्या टेक्सास होल्डेम प्रकारात पहिल्या दोन पानांची जोडी आली, तर मांडलेल्या पहिल्या तीन पानांत तिसरे जोडीदार पान येण्याचे १९,६०० पैकी २,३०४ प्रकार आहेत, म्हणजे साडेआठ डावांत एकदा. मग पुढे बोली लावावी की पाने टाकावीत? त्यालाही कार्दानोचेच माप लावायचे. ४७ पैकी ९ म्हणजे अनुकूल एकास प्रतिकूल सव्वाचारच्या आसपास. मध्ये १०० रुपये पडले असतील आणि राहण्यासाठी २० लागत असतील तर एकास पाच मिळतात, पैज परवडते. ३० लागत असतील तर परवडत नाही. एवढेच. यात मुहूर्त नाही, हाताचा गुण नाही, आणि मागच्या चार डावांत पान आले नाही म्हणून आता येईलच, ही समजूतही नाही. पत्त्यांना मागचे काही आठवत नाही.

वसतिगृहाच्या खोल्यांत रात्री पत्ते रंगतात, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे, आणि आता तर हे खेळ खिशातल्या मोबाइलवरही येऊन बसले आहेत. हा लेख वाचून कोणी अधिक धीटपणे बोली लावील, तर कार्दानोचे अर्धेच म्हणणे त्याने घेतले असे होईल. आकड्यांनी काय साधते आणि काय साधत नाही, या दोहोंचा दाखला त्याचे आयुष्य देते. शंभरात २९ म्हणजे शंभरात ७१ वेळा हात सुधारत नाही, हेही त्याच आकड्यात सांगितलेले असते. ते ऐकण्याची तयारी कार्दानोपाशी कागदावर होती, टेबलापाशी नव्हती. तरीही, नशिबाला नुसते हात जोडणाऱ्या जगात त्याने पहिल्याने बसून पाने मोजली, चुकला तिथे पुन्हा मोजली, आणि चूक पुसून टाकली नाही. अनौरस जन्म, गरिबी, मुलाचा वध आणि तुरुंग एवढी पाने वाट्याला येऊनही ज्याने शेवटपर्यंत लेखणी खाली ठेवली नाही, त्या माणसाला मी हरलेला जुगारी म्हणणार नाही.